जुन्या गाड्या आणि हरवलेली कारणे

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने मोटारगाड्यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु इतिहासाची साधने केवळ शिलालेखांत, नाण्यांत आणि दफ्तरखान्यातील कागदांत असतात असे नाही. माणसाने घडविलेली प्रत्येक वस्तू हे एक साधनच असते. ती घडविताना त्याच्यापुढे कोणता प्रश्न होता, हातात कोणते सामान होते, खिशात किती पैसा होता आणि डोक्यात कोणती समजूत होती, याची नोंद त्या वस्तूच्या आकारातच राहून गेलेली असते. ती नोंद वाचता आली पाहिजे, एवढेच.

जुन्या मोटारगाड्यांमध्ये अशा नोंदी विपुल आहेत. ज्यांनी फियाट, ॲम्बेसेडर किंवा महिंद्राची जीप जवळून पाहिली आहे त्यांना आठवेल की या गाड्यांत काही गोष्टी चमत्कारिक वाटत. एका बाजूच्या चाकांचे नट सरळ उघडत, तर दुसऱ्या बाजूचे उलटे फिरवावे लागत. गिअरचा दांडा पायाजवळ नसून स्टिअरिंगच्या खाली असे. पावसात घाट चढताना, नेमकी गरज असते तेव्हाच, वायपर मंदावत. मे महिन्यात गाडी भर रस्त्यात बंद पडे आणि ड्रायव्हर बॉनेट उघडून इंजिनच्या एका भागावर ओले फडके ठेवी. नवख्याला हे सारे पाहून वाटे की कारखान्यातील लोकांचे डोके ठिकाणावर नव्हते. वस्तुस्थिती तशी नव्हती. यातील बहुतेक प्रत्येक गोष्ट हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर होते. काळाच्या ओघात प्रश्न विसरला गेला आणि उत्तर तेवढे उरले. तो विसरलेला प्रश्न शोधून काढणे हा या लेखाचा हेतू आहे.

एकच गाडी तीन पिढ्यांना

ही कोडी आपल्याकडे इतकी वर्षे का टिकली, हे आधी पाहिले पाहिजे. परदेशांत मोटारीचे एक मॉडेल पाच-सात वर्षे चाले आणि मग नवे येई. आपल्याकडे तसे घडले नाही. अमेरिकेची जनरल मोटर्स ही कंपनी १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जोडणी करीत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरविले की केवळ बाहेरून आणलेले सुटे भाग जोडून चालणार नाही, भागही येथेच बनले पाहिजेत. १९५० च्या दशकात परदेशी जोडणी-कारखाने बंद झाले आणि मोजक्या देशी कारखान्यांना मोटारी बनविण्याचे परवाने मिळाले.

त्यांतील दोन कारखाने आपल्या महाराष्ट्रातले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मुंबईत कुर्ला येथे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ‘फियाट ११००’ बनवू लागली. हीच गाडी १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. दुसरी कंपनी म्हणजे १९४५ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे ‘महिंद्र अँड महिंद्र’ या नावाने प्रसिद्धीस आलेली. तिने अमेरिकेच्या विलीस कंपनीची जीप भारतात आणली. बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून ‘ॲम्बेसेडर’ बनविली, ती १९५० च्या दशकापासून थेट २०१४ पर्यंत.

आयात जवळजवळ बंद, परवाने मोजके आणि ग्राहकांची रांग लांबच लांब. अशा स्थितीत कारखानदाराला गाडी बदलण्याची निकड भासली नाही. इटलीत ‘११००’ या मालिकेची शेवटची गाडी १९६९ मध्ये बनली. कुर्ल्यात तिची भारतीय बहीण त्यानंतरही सुमारे तीस वर्षे तयार होत होती. मुंबईच्या ताडदेव परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली. म्हणजे १९५३ साली युरोपातील रस्त्यांसाठी कागदावर उमटलेली गाडी आपल्या नातवंडांनीही पाहिली. जेथे प्रश्न उपजला तेथे तो केव्हाच संपला होता. त्याचे उत्तर मात्र आपल्या अंगणात उभे होते.

फियाटचे उलटे दरवाजे आणि वरचा गिअर

सुरुवातीच्या फियाट ११०० गाड्यांचे पुढील दरवाजे उलटे उघडत. आजच्या गाडीत दरवाज्याच्या बिजागऱ्या पुढे असतात आणि दरवाजा मागच्या बाजूने उघडतो. त्या गाड्यांत पुढच्या दरवाज्याच्या बिजागऱ्या मागे, म्हणजे दोन्ही दरवाज्यांच्या मधल्या खांबावर होत्या. त्यामुळे पुढचा आणि मागचा असे दोन्ही दरवाजे एकाच खांबाला लटकत. एकच खांब भक्कम केला की काम भागे. शिवाय असा दरवाजा उघडला म्हणजे आसनात सरळ पाऊल टाकून बसता येई. साडी किंवा धोतर नेसलेल्या माणसाला ही मोठी सोय होती.

पण या सोयीत एक घात दडलेला होता. धावत्या गाडीत कडी निसटली तर समोरून येणारा वारा अशा दरवाज्यात शिरतो आणि त्याला पूर्ण उघडून फेकतो. पुढे बिजागरी असलेल्या दरवाज्याला तोच वारा दाबून मिटवून ठेवतो. रस्ते सुधारले, वेग वाढले, तसा हा धोका वाढत गेला. इंग्रजीत अशा दरवाज्यांना ‘आत्मघाती दरवाजे’ असेच नाव पडले. पुढच्या मॉडेलांत फियाटने बिजागऱ्या पुढे नेल्या. येथे जुन्या उत्तराची जागा नव्या उत्तराने घेतली, कारण प्रश्नच बदलला होता. आता ‘बसायला सोपे कसे होईल’ यापेक्षा ‘जीव कसा वाचेल’ हा प्रश्न मोठा झाला होता.

गिअरच्या दांड्याची गोष्ट निराळी. तो स्टिअरिंगच्या नळीवर बसविण्याची पद्धत १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सुरू झाली. त्या काळी पुढचे आसन एकसंध बाकासारखे असे आणि त्यावर तिघे बसत. जमिनीतून वर येणारा दांडा मधल्या माणसाच्या गुडघ्यांत अडके. दांडा वर नेला आणि तिसरा माणूस सुखाने बसला. फियाटनेही तीच पद्धत स्वीकारली. पण गिअरबॉक्स तर खाली, इंजिनच्या मागे. त्यामुळे वरचा दांडा आणि खालची गिअरबॉक्स यांच्यामध्ये सळया आणि सांधे यांची साखळी जोडावी लागली. प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजला की वरचा दांडा ढिला पडे आणि नवख्याला दुसरा गिअर कोठे आणि चौथा कोठे हे उमगत नसे. जुन्या टॅक्सीचालकाचा डावा हात मात्र न पाहता नेमक्या जागी जाई. यंत्रातील ढिलाई त्याने आपल्या मनगटात सामावून घेतली होती.

पुढच्या खिडकीतील छोटी त्रिकोणी काच अनेकांना आठवत असेल. ती फिरविली की बाहेरचा वारा वळून थेट चेहऱ्यावर येई. ज्या काळी गाडीत थंड हवेचे यंत्र नव्हते, त्या काळातील हा बिनखर्चाचा पंखा होता. गाडीत वातानुकूलन आले आणि ती काच गेली.

जीपचे उंच नाक

आपल्या भागात जीप ही गाडी तहसील, पंचायत समिती, पोलीस ठाणे आणि निवडणुकीचा प्रचार यांच्याशी जोडलेली आहे. महिंद्राच्या ज्या जीपने वऱ्हाडातील पांदण रस्ते तुडविले, तिचे मूळ रूप अमेरिकेत १९५३ मध्ये आलेले ‘सीजे-३बी’ हे मॉडेल. दुसऱ्या महायुद्धातील जीपचे छायाचित्र पाहिले तर तिचे बॉनेट बसके दिसते. सीजे-३बीचे बॉनेट मात्र कपाळ वर आल्यासारखे उंच आहे. हे सौंदर्यासाठी केलेले नव्हते.

युद्धकाळातील इंजिनमध्ये सर्व झडपा सिलिंडरच्या बाजूला, खालच्या ठोकळ्यात होत्या. त्यामुळे इंजिन ठेंगणे होते. अधिक शक्ती हवी म्हणून विलीसने ‘हरिकेन’ नावाचे नवे इंजिन केले. त्यात हवा आणि पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नेल्या. शक्ती वाढली, पण इंजिनची उंचीही वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. संपूर्ण गाडी नव्याने घडविण्यापेक्षा समोरची जाळी आणि बॉनेट उंच करणे स्वस्त होते, म्हणून तेवढेच केले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले. आपल्याकडे त्याचा वंश पुढे कितीतरी वर्षे चालला, आणि पुढे पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन आले तरी उंच नाकाचा तो चेहरा लगेच गेला नाही.

याच जीपचे दुसरे कोडे म्हणजे डाव्या बाजूचे स्टिअरिंग. आपल्या देशात रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवितात, म्हणून चालक उजवीकडे हवा. महिंद्राच्या जीप मात्र अनेक वर्षे डाव्या स्टिअरिंगच्या होत्या, आणि मागच्या बाजूस ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी पाटी रंगविलेली असे. कारण उघड आहे. आराखडा अमेरिकेचा, आणि तेथे रस्त्याच्या उजवीकडून गाडी चालते. स्टिअरिंग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस नेणे म्हणजे केवळ चाक उचलून पलीकडे लावणे नव्हे. स्टिअरिंगची पेटी, पेडल आणि त्यांचे दांडे, सगळ्यांसाठी नवी जागा आणि नवे साचे लागतात. तो खर्च वाचविला गेला.

त्याची किंमत रस्त्यावर मोजली जाई. पुढे मालट्रक असेल तर डावीकडे बसलेल्या चालकाला समोरून काय येत आहे ते दिसत नसे. शेजारी बसलेल्या शिपायाने मान बाहेर काढून ‘चला’ म्हणावे, तेव्हा गाडी पुढे घ्यावयाची. उजवा हात बाहेर काढून इशारा देणेही अशा चालकाला अशक्य. म्हणूनच मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२० मध्ये अशी तरतूद आहे की डाव्या स्टिअरिंगच्या वाहनाला चालू स्थितीतील यांत्रिक किंवा विजेची इशारा-यंत्रणा असल्याशिवाय ते चालविता येणार नाही. गाडीच्या आराखड्यातील एक विसंगती कायद्याच्या पुस्तकात कशी उतरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

उलट्या आट्यांचा नट

आता सर्वांत प्रसिद्ध कोड्याकडे वळू. विलीसच्या वंशातील जुन्या जीपच्या उजव्या चाकांचे नट नेहमीसारखे, पण डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. ज्याला हे ठाऊक नसे तो पाना लावून नट उघडण्यासाठी जोर करी आणि प्रत्यक्षात नट अधिकच आवळला जाई. आणखी जोर केला की बोल्ट तुटे. अनेकदा बोल्टाच्या टोकावर ‘एल’ हे अक्षर कोरलेले असे, पण चिखलाखाली ते कोणाला दिसणार?

याचे उत्तर आपल्या सायकलमध्ये आहे. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे प्रत्येक सायकल दुरुस्त करणाऱ्याला माहीत असते. ते तसे का, हे घरीच पाहता येईल. अंगठा आणि तर्जनी यांचे सैलसर कडे करा आणि त्यात एक पेन्सिल धरा. आता पेन्सिल कड्याच्या आतील कडेला टेकवून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गोल न्या. बारकाईने पाहिल्यास दिसेल की पेन्सिल स्वतःभोवती मात्र उलट दिशेने फिरते. जेथे एखादा दांडा भोकात किंचित सैल असतो आणि त्यावरील दाब गोल फिरत राहतो, तेथे असे सरपटत फिरणे घडतेच. हे बळ संथ असते, पण न थकता काम करते. हजारो फेऱ्यांनंतर ते आवळलेला आटाही उलगडू शकते.

गाडी पुढे जात असता उजवे चाक बाहेरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरते, तर डावे चाक उलट दिशेने. म्हणून सैल पडलेल्या नटाला उलगडू पाहणारा ओढाही दोन बाजूंना परस्परविरुद्ध असतो. अभियंत्यांनी विचार केला की डावीकडे उलटे आटे दिले तर तोच ओढा नटाला सोडविण्याऐवजी आवळेल. विचार अचूक होता. पुढे अनुभवाने असे दिसले की शंकूच्या आकाराच्या बसणीचा नट योग्य ताणाने आवळला तर चाक मुळात सरकतच नाही, आणि सरकत नसेल तर उलगडण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय दोन प्रकारचे नट बाळगण्यात गोंधळ होई. म्हणून बहुतेक कारखान्यांनी मोटारींच्या दोन्ही बाजूंना सरळ आटे दिले. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे आजही आहेत, कारण तेथे मूळ प्रश्न अजून जिवंत आहे.

चाकाखाली दगड लावण्याचे कारण

जीपचे आणखी एक वैशिष्ट्य असे की ते न समजल्यास जीव जाऊ शकतो. आजच्या बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना धरतो. विलीसच्या घराण्यातील जुन्या जीपमध्ये तो चाकांना धरीत नसे. गिअरच्या पेटीमागून मागच्या ॲक्सलकडे जाणारा जो फिरता दांडा असतो, त्यावर बसविलेल्या एकाच ड्रमला तो धरी. कारण पुन्हा व्यावहारिक होते. दोन चाकांऐवजी एकच ड्रम पुरे होई. शिवाय या जीपमध्ये तो दांडा सुमारे पाच वेळा फिरे तेव्हा चाक एकदा फिरे. त्यामुळे दांड्यावर लावलेला ब्रेक चाकापाशी सुमारे पाचपट बळाने लागू होई. लहानसा ब्रेक चढावर भरलेली गाडी थोपवून धरी.

आता समजा, मागचे एक चाक पंक्चर झाले आणि हँडब्रेक ओढून ते जॅकवर उचलले. दांडा जखडलेला आहे, पण दांडा आणि चाके यांच्यामध्ये डिफरेन्शियल आहे. त्याचे कामच असे की एका चाकाला दुसऱ्यापेक्षा निराळे फिरू द्यावे. उचललेले चाक हवेत मोकळे आहे, त्यामुळे ते उलट फिरते आणि जमिनीवरचे चाक सरळ फिरते. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी चालू लागते आणि जॅकवरून घसरते. म्हणून जुने मिस्त्री पोरांना बजावत असत की जीपच्या चाकाला दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. पोरांना ती केवळ उस्तादाची शिस्त वाटे. त्या शिस्तीच्या मागे डिफरेन्शियलचे संपूर्ण शास्त्र उभे होते.

हँडल मारून गाडी सुरू करण्याचेही तसेच. बंपरमधील छिद्रातून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवीत. अमेरिकेत १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला, तरी त्यानंतर कित्येक दशके कारखाने ते छिद्र ठेवीतच राहिले, कारण बॅटरीचा भरवसा नव्हता. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीसारखा पलीकडून वळवू नये, असा दंडक होता. इंजिनने उलटा झटका दिला तर हँडल बोटांतून निसटते. अंगठा पलीकडे असेल तर तो मोडतो.

थंड देशातील गाडी, वऱ्हाडातील ऊन

पावसाच्या वायपरची कथा मनोरंजक आहे. अनेक जुन्या गाड्यांत, विलीसच्या जीपमध्येही, वायपर विजेवर चालत नसे. तो इंजिनच्या ओढीवर चाले. इंजिन हवा आत ओढते तेव्हा तिच्या मार्गात निर्वात दाब तयार होतो. त्या ओढीला एक नळी जोडून वायपर हलवीत. वीज वाचे आणि फुकटात काम होई. पण चढावर चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की हवेची वाट पूर्ण उघडते आणि ती ओढ जवळजवळ नाहीशी होते. त्यामुळे मुसळधार पावसात चढ चढताना वायपर थबके. पाय थोडा सैल केला की तो पुन्हा हले. फ्रान्सच्या सुरुवातीच्या सिट्रोएन ‘२ सीव्ही’ गाडीत वायपर वेगमापकाच्या तारेवर चाले, म्हणजे गाडी थांबली की वायपरही थांबे. जर्मनीच्या फोक्सवॅगन ‘बीटल’मध्ये काच धुण्याचे पाणी स्टेपनीतील हवेच्या दाबाने उडे. स्वस्त गाडी बनविताना प्रत्येक देशातील अभियंत्याने हाताशी असलेले फुकटचे बळ शोधले आणि त्याबरोबर येणारी उणीवही पत्करली.

ओल्या फडक्याचे कोडे मात्र आपल्या हवामानाशी निगडित आहे. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, तर अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील सर्वांत हलके घटक साधारण ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. फियाट आणि ॲम्बेसेडरसारख्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा छोटा पंप इंजिनलाच जोडलेला असे. टाकी मागे, पंप पुढे. पंप ओढतो तेव्हा नळीतील दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. मे महिन्यात शेलूबाजार किंवा कारंजाच्या रस्त्यावर पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, तापलेल्या इंजिनशेजारी त्या पेट्रोलची वाफ होई. पंप द्रव ओढण्यासाठी बनविलेला, त्याला वाफ ओढता येत नसे. गाडी बंद. पंपावर ओले फडके ठेवले की पाण्याचे बाष्पीभवन होताना पंप थंड होई, वाफेचे पुन्हा द्रव होई आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडी चालू लागे. माठातील पाणी ज्या तत्त्वाने थंड होते, त्याच तत्त्वाने फियाट सुरू होत असे. हा उपाय ट्यूरिनच्या थंड हवेत आराखडा आखणाऱ्यांना सुचण्याचे कारण नव्हते. तो उन्हात उभ्या राहिलेल्या चालकांचा शोध होता. आजच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, म्हणून ही व्याधी जवळजवळ संपली.

मोटारीवरून स्कूटरकडे पाहिले तरी हेच दिसते. पुण्याजवळ आकुर्डी येथील बजाज ऑटोने आधी इटलीच्या पियाजियो कंपनीच्या परवान्याने ‘व्हेस्पा’ बनविली आणि १९७२ पासून ‘चेतक’. सकाळी स्कूटर सुरू होत नसेल तर ती एका बाजूला कलती करून मग किक मारणारे गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. तो काही टोटका नव्हता. गाडी कलती केली की कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोलची पातळी हलते आणि थोडे जास्त पेट्रोल इंजिनात जाते. थंड इंजिनाला सुरू होण्यासाठी तेच हवे असते. त्या स्कूटरचे पुढचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर का होते, याचेही उत्तर तिच्या जन्मकथेत सापडते. मूळ व्हेस्पाचे जनक कोरादिनो दास्कानियो हे विमानांचे अभियंते होते. विमानाच्या चाकाप्रमाणे एका बाजूने पकडलेले चाक चार-पाच नट काढले की निघते. म्हणूनच रस्त्याच्या कडेला, सदऱ्याच्या बाह्या वर सारून, कोणीही स्टेपनी बदलू शके.

कारण तपासण्याची सवय

वरील उदाहरणे एकत्र ठेवली की त्यांचे तीन प्रकार पडतात. काहींचे कारण आजही जिवंत आहे, जसे सायकलच्या डाव्या पायडलचे उलटे आटे. ते बदलू नयेत. काहींचे कारण कालांतराने संपले, जसे उलटे दरवाजे किंवा त्रिकोणी काच. ती सोडून देण्यात शहाणपण होते. आणि काहींचे कारण दुसऱ्या देशात खरे होते, आपल्या मातीत कधीच नव्हते, जसे डावे स्टिअरिंग. ती आपण केवळ आयती मिळाली म्हणून वागविली आणि तिची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

हे तिन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे, हे केवळ पाहून ठरत नाही. ‘हे कशासाठी केले होते आणि ते कारण आज उरले आहे काय’ असे विचारले तरच ठरते. वस्तू जुनी आहे म्हणून ती हास्यास्पद मानणारा मनुष्य जीपचा बोल्ट तोडतो. जुनी आहे म्हणून ती पूज्य मानणारा मनुष्य उलट्या दरवाज्याच्या गाडीतून खाली पडतो. दोघांचीही चूक एकच आहे, कारण दोघांनीही प्रश्न विचारलेला नाही. यंत्रांच्या बाबतीत हे सहज पटते. समाजातील रीतींच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारता येतो, आणि कारण संपल्यावर उरलेल्या रीतीलाच आपण रूढी म्हणतो, हे सुजाण वाचकांना वेगळे सांगावयास नको.

शेवटी या ज्ञानाच्या रक्षकांविषयी दोन शब्द. वर सांगितलेली बरीचशी माहिती आपल्या गावातील गॅरेजमध्ये पुस्तकांतून आली नाही. ती उस्तादाकडून पोराकडे, पोराकडून त्याच्या पोराकडे तोंडी आली. हातांना काळे लागणारे काम आपल्या समाजात हलके मानले गेले, म्हणून त्या कामातील विद्या कोणी लिहून ठेवली नाही. कारकुनाच्या वहीतील प्रत्येक आणा जपला गेला आणि मिस्त्रीच्या डोक्यातील ज्ञान त्याच्याबरोबर गेले. ज्याने इंजिनचा आवाज ऐकून कोणती झडप अडकली ते सांगितले, त्याला आपण अशिक्षित म्हटले. इतिहासाच्या दृष्टीने ही मोठी हानी आहे.

आपल्या शाळेतून शिकून गेलेले किती तरी विद्यार्थी आज गॅरेजमध्ये, एस.टी.च्या आगारांत, आयटीआयमध्ये, ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत आणि मोठ्या कारखान्यांत काम करीत आहेत. त्यांना एक विनंती आहे. आपल्या कामातील अशी एखादी चमत्कारिक गोष्ट, तिचे कारण आणि ते आपल्याला कोणाकडून कळले, एवढे एका कागदावर लिहून शाळेकडे पाठवावे. भाषा शुद्ध नसली तरी चालेल. चित्र काढून दाखविले तर अधिक चांगले. आज वसतिगृहात राहणारी मुले ते कागद वाचतील, आणि एखाद्या नटाला पाना लावण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारतील की हा कोणत्या दिशेने उघडतो, आणि का?